दवंडी, डेमो आणि मजुरी

माझे आजोबा गावची दवंडी देत. सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या गावात सारा भरण्याची मुदत, जनावरांचा लिलाव, देवीची लस टोचायला येणारा डॉक्टर, जे काही गावाला कळायला हवे ते आजोबांच्या घशातून कळे. हलगीवर दोन टिपऱ्या पडत आणि मग त्यांची हाळी वेशीपासून वाड्यापर्यंत जाई. ती हाळी त्यांची नव्हती. सरकारची होती, पाटलाची होती, देवळाची होती. स्वतःच्या घरात मूल जन्मले किंवा मेले, तर त्याची दवंडी त्यांनी कधी दिली नाही. आणि या आवाजाचे दाम म्हणाल, तर सुगीत खळ्याच्या कडेला उभे राहून मागून आणलेले बलुते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे हेच दुखणे होते: काम अहोरात्र आणि मोबदला मालकाच्या मर्जीवर. १९५८च्या कायद्याने वतन गेले. आजोबांचा आवाज गाव त्यानंतरही कित्येक वर्षे फुकटच वापरत राहिले.

आजोबा आठवण्याला निमित्त झाली माझी एक विद्यार्थिनी. आमच्या तालुक्याच्या महाविद्यालयातून मराठी घेऊन ती पदवीधर झाली, पुण्याला गेली आणि आता व्हॉइस आर्टिस्ट म्हणून स्वतंत्रपणे काम करते. म्हणजे कुणाची नोकर नाही. जाहिराती, डबिंग, ऐकायची पुस्तके, कंपन्यांची प्रशिक्षणाची फिल्म, टेलिफोनवर 'मराठीसाठी दोन दाबा' म्हणणारी बाई, ही सगळी कामे करणारी माणसे असतात आणि त्यांना ती कामे स्वतःच शोधावी लागतात. तिने मला आपला डेमो, म्हणजे आवाजाचा नमुना पाठवला. सोबत स्वतःची ओळख करून देणारा मजकूर होता. "सर, जरा मराठी बघा," एवढेच लिहिले होते. हा धंदा कसा शोधावा, गिऱ्हाईक कसे मिळवावे, यावरचे ती वाचत-ऐकत असलेले साहित्यही तिने मी मागितल्यावर पाठवले. मराठीचा मास्तर म्हणून व्याकरण तपासायला बसलो आणि समीक्षा करावी असे काही हाती लागले.

स्वतःला विकण्याचे हे उपदेश-साहित्य आमच्या समीक्षकांनी अजून साहित्य मानलेले नाही. मानायला हवे. आज आमच्या विद्यार्थ्यांच्या हातात कथासंग्रहापेक्षा ते जास्त असते. ते मुळात अमेरिकेत आणि इंग्लंडात घडले, आणि तिथून मुंबई-पुण्याच्या प्रशिक्षण वर्गांत उतरले. त्याची एक ठरलेली रचना आहे. सुरुवातीला सांगतात की तुझा आवाज जगात एकमेव आहे. मग सांगतात की त्याला बाजारात एक ओळख दे: उबदार, विश्वासू, तरुण, भारदस्त, यांतले काहीतरी निवड. मग डेमो बनव. तो साठ ते नव्वद सेकंदांचा असावा आणि पहिल्या पाच सेकंदांत सर्वांत चांगला तुकडा असावा, कारण ऐकणारा त्यापुढे थांबत नाही. मग निर्मिती संस्थांची यादी कर, त्यांना थोडक्यात पत्र लिही, उत्तर नाही आले तर काही आठवड्यांनी पुन्हा लिही, नकार मनाला लावून घेऊ नकोस.

यातले बरेचसे खरे आहे आणि उपयोगाचेही आहे. मी ते हिणवणार नाही. पण या साहित्याचा नायक कोण आहे, हे विचारायला हवे. या नायकाला आईबाप नाहीत, गाव नाही, घरभाडे नाही, आडनाव तर नाहीच. तो एका निःशब्द खोलीत बसला आहे आणि त्याच्याकडे वेळ आहे. त्याला एकच अडथळा आहे तो म्हणजे त्याचा स्वतःचा न्यूनगंड. तो गेला की काम आलेच! जे साहित्य माणसाच्या अपयशाचे एकमेव कारण माणसाच्या मनात शोधते, त्याच्याकडे आपण सावधपणे पाहिले पाहिजे. आमच्या पूर्वजांना ते कारण पूर्वजन्मात सापडत असल्याचे सांगितले जाई. इथे कर्म याच जन्मातले आहे, एवढाच फरक.

आता ती खोली घ्या. ऐकायच्या पुस्तकांसाठी एका मोठ्या अमेरिकी व्यवस्थेने जी मोजमापे ठरवली आहेत त्यांत एक असे आहे की रेकॉर्डिंगमधला मागचा आवाज, म्हणजे कुणी बोलत नसताना खोलीत जो उरतो तो, उणे साठ डेसिबलच्या खाली असला पाहिजे. ती व्यवस्था अमेरिका, ब्रिटन, कॅनडा आणि आयर्लंड एवढ्याच देशांतल्या निवेदकांना घेते. पण तिचा आकडा मात्र सगळीकडे शहाणपणाचा आकडा म्हणून फिरतो. उणे साठ डेसिबल! माझी विद्यार्थिनी पुण्यात एका वस्तीत दोन खोल्यांत आई आणि भावासह राहते. भिंतीला भिंत लागून शेजारी, खाली पिठाची गिरणी, सकाळी पाण्याच्या नळावर भांडणे, संध्याकाळी कुणाच्या तरी बारशाचा लाउडस्पीकर. ती रात्री दीड ते चारच्या दरम्यान काम करते. दाराला गोधड्या लावते, वर रजई घेते आणि रजईच्या आत मायक्रोफोन धरून बँकेच्या कर्जाची गोडी सांगते. पहिल्या दिवशी आई उठली आणि म्हणाली, "काय करतीस गं? एवढ्या रातचं कुनासंगं बोलतीस?" तो तुकडा तिने पुसला नाही. मला ऐकवला. मला विचाराल तर तिच्या साऱ्या कामात तेवढेच वाक्य जिवंत होते.

शांतता ही मालमत्ता आहे. ज्यांच्याकडे जमीन, बंगला, बंद दार होते त्यांच्याकडे ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. आमच्याकडे गावकुसाबाहेरची मोकळी हवा होती, पण दार बंद करण्याइतके घर नव्हते. उपदेश-साहित्य मात्र म्हणते की कपड्यांच्या कपाटात बसूनही सुरुवात करता येते. त्या लेखकाच्या डोळ्यांसमोरचे कपाट माणूस आत बसू शकेल एवढे असते, हे आमच्या मुलीला चित्रे पाहिल्यावर कळले.

आता तिचा डेमो. चार तुकडे: एक बँक, एक साड्यांचे दुकान, एक गोष्ट आणि एक आरोग्याचा संदेश. मी ऐकला आणि मला वाटले, चुकून दुसऱ्याच कुणाची फाईल आली. मग लक्षात आले की आवाज तिचाच आहे. माझी पहिली प्रतिक्रिया अभिमानाची होती: काय स्वच्छ उच्चार, काय 'ण', काय 'ळ'! दुसरी यायला थोडा वेळ लागला. कारण तो 'ण' मीच तिच्या तोंडात घातला होता. पहिल्या वर्षाला ती वर्गात उभी राहून वाचायची तेव्हा 'पानी' म्हणायची, आणि मी फळ्यावर 'पाणी' लिहून 'ण'खाली दोन रेघा मारायचो. वर्ग हसायचा. मी हसू दिले. मी स्वतः असाच हसला गेलो होतो, आणि हा संस्कार पुढच्याला देणे म्हणजे शिकवणे अशी माझी समजूत होती.

लोक म्हणतात, आवाजाला चेहरा नसतो. निदान या धंद्यात तरी जात दिसत नाही. हे ज्याने म्हटले त्याला मराठी कान ठाऊक नाही. मराठी कान एका वाक्यात तालुका ओळखतो आणि दुसऱ्यात आळी. 'न' आणि 'ण', 'स' आणि 'श', हेल कुठे चढतो, 'नाही' म्हणताना 'न्हाई' होते का, एवढ्यावर तुम्ही कुठून आलात ते ठरते. कामाच्या जाहिरातीत 'न्यूट्रल' आवाज हवा असे लिहितात. न्यूट्रल म्हणजे कुठला? करमाळ्याचा नाही, परभणीचा नाही, भंडाऱ्याचा नाही, कुडाळचा नाही. एकेक गाव वजा करत गेलात की शेवटी पुण्या-मुंबईतल्या ठरावीक पेठा आणि वसाहती उरतात. त्या उरलेल्या उच्चाराला कुठलेच गाव नसल्याचे सांगितले जाते. १९६७ साली विविधभारतीवर जाहिराती सुरू झाल्या तेव्हापासून मराठी माणसाला साबण, चहा आणि विमा याच सुरात विकला गेला आहे. विकत घेणारे करमाळ्याचे असले तरी चालते. विकणारा तिथला चालत नाही.

कुणी म्हणेल, अलीकडे तर ग्रामीण आवाजाला मागणी आहे. आहे! खताच्या आणि बियाण्याच्या जाहिरातीत आहे, मोलकरणीच्या भूमिकेत आहे, डबिंगमध्ये गुंडाच्या हस्तकाला आणि विनोदी शिपायाला आहे. एका ठिकाणी तिला 'गावरान' वाचायला सांगितले. तिने आपल्या आईसारखे वाचले. शांत, जरा थकलेले, वाक्याच्या शेवटी सूर खाली टेकवत. ते म्हणाले, हे गावरान वाटत नाही. जरा मजा आणा. मजा म्हणजे 'अगं बया' आणि 'आरं तिच्या मारी'. म्हणजे बाजाराला आमची भाषा हवी आहे, पण ती त्यांच्या कल्पनेतल्या तमाशातली हवी आहे. आमच्याकडे माणसे बोलीत विचारही करतात, हिशेबही करतात, कायद्याचे कलमही समजावून सांगतात, हे त्या स्टुडिओच्या काचेपलीकडे अजून पोचलेले नाही.

तिने एक दुसरा डेमोही करून ठेवला होता, आणि तो कुणाला पाठवला नव्हता. शांताबाई कांबळे यांच्या 'माज्या जल्माची चित्तरकथा' या पुस्तकातले एक पान. हे पुस्तक १९८६ साली आले आणि त्याच्या मुखपृष्ठावर 'माज्या' आणि 'जल्माची' असेच छापले गेले. मुद्रितशोधकाने 'माझ्या जन्माची' केले नाही. छापील अक्षराने जे स्वातंत्र्य तेव्हाच मिळवले ते ध्वनीला अजून मिळायचे आहे. तिचे ते वाचन ऐकून मी बराच वेळ काही बोललो नाही. हा तिचा आवाज होता. बँकेच्या कर्जातला आवाज खोटा नाही, तोही तिने कमावलेला आहे, पण या दुसऱ्यात ती घाई करत नव्हती. मी म्हटले, "हाच पाठव." ती म्हणाली, "सर, हा कुठं पाठवायचा ते सांगा." मला सांगता आले नाही. मराठीत ऐकायच्या पुस्तकांचा धंदा २०१७ नंतर वाढला. दलित आत्मकथने त्यात येतील तेव्हा कुणाच्या तोंडून येतील, हा प्रश्न आपल्या नियतकालिकांनी आजच विचारायला नको का? आत्मकथन आमचे आणि 'ण' त्यांचा, असे झाले तर ते पुन्हा एकदा आमच्या वतीने बोलणेच होईल.

डेमोकडे मी आत्मकथनाचा एक प्रकार म्हणून पाहू लागलो आहे. नव्वद सेकंदांत माणूस स्वतःला सादर करतो. दलित आत्मकथनाची प्रतिज्ञा होती की जे लपवायला शिकवले तेच उघड सांगायचे. डेमोची प्रतिज्ञा याच्या उलट आहे. ओळखीच्या मजकुरात तिने आडनाव गाळून नुसते नाव आणि पुढे 'व्हॉइस' असे लिहिले होते. मी कारण विचारले नाही. गाव गाळले होते, त्याऐवजी 'पुणेस्थित'. शिक्षणात आमचे महाविद्यालय नव्हते, पुण्यातले तीन महिन्यांचे प्रशिक्षण होते. मला वाईट वाटले हे कबूल करतो. पण तिच्यावर रागावण्याचा मला काय अधिकार? मी सहा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले. ताशी दराने माझाही आवाजच विकला जात होता, आणि मुलाखतीला जाताना मीही 'न्हाई' घरी ठेवून जात होतो. आज माझी नोकरी कायम आहे, म्हणून मला बोलीचा अभिमान परवडतो.

आता आपल्या लोकांविषयी. चळवळीत 'जाहिरातबाजी' ही शिवी आहे. स्वतःविषयी चांगले सांगणे म्हणजे विकले जाणे, अशी आपल्यात एक समजूत आहे आणि ती मला घातक वाटते. १९२० साली 'मूकनायक' निघाले तेव्हा त्याची साधी जाहिरात, आणि तीही पैसे देऊन, छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. म्हणजे स्वतःच्या अस्तित्वाची जाहिरात करणे हा आपल्याला नाकारलेला हक्क होता. ज्यांची जाहिरात पिढ्यान्‌पिढ्या पोथ्यांनी, देवळांनी आणि पाठ्यपुस्तकांनी करून ठेवली त्यांना विनय शोभतो. त्यांच्या मुलाला स्टुडिओत कुणीतरी मामा ओळखत असतो. त्याला पत्र लिहावे लागत नाही, निरोप पुरतो. अमिताभ बच्चन यांना आकाशवाणीने नाकारल्याची गोष्ट प्रत्येक प्रशिक्षण वर्गात धीर म्हणून सांगतात. नाकारला गेलेला तो तरुण हरिवंशराय बच्चन यांचा मुलगा होता, हे मात्र त्या गोष्टीत नसते. पडल्यावर खाली जमीन आहे की विहीर, यावर धीर अवलंबून असतो. आमची मुलगी साठ अनोळखी संस्थांना पत्रे पाठवते, त्यांतल्या चार उत्तर देतात, एक काम देते. आणि तिसऱ्यांदा पुन्हा लिहिताना तिची बोटे अडखळतात, कारण दुसऱ्याच्या दारात पुन्हा जाऊन उभे राहण्याची तिच्या घराण्याला जुनी आठवण आहे. तिला मी एवढेच सांगू शकलो की बलुते मागणे वेगळे आणि दर सांगणे वेगळे. दर सांगताना हात पसरलेला नसतो.

पण तो दर आपणच तिला सांगू देत नाही. १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला, प्रत्येक संघटनेला निवेदन हवे असते, ध्वनिचित्रफितीला आवाज हवा असतो. "ताई, आपलाच कार्यक्रम आहे." मंडपवाल्याला पैसे मिळतात, लाउडस्पीकरवाल्याला मिळतात, फ्लेक्सवाल्याला आगाऊ मिळतात. आवाज मात्र समाजकार्य ठरतो. जास्तीत जास्त एक शाल. आमच्या जलसाकारांनी आणि शाहिरांनी अख्खे आयुष्य बिदागीवर काढले. त्यांच्या घरची चूल कशी पेटली हे आपण त्यांच्या शोकसभेत विचारतो. 'बिदागी', 'मानधन' हे शब्द बघा. देणारा खूश झाला म्हणून दिले, मान म्हणून दिले. ज्या शब्दात दराला जागा नाही त्या शब्दाच्या मागे बलुतेच उभे असते.

या धंद्याचा एक चांगला भाग म्हणजे त्यात सगळे लिहून घेता येते. किती मिनिटांचा मजकूर, किती वेळा दुरुस्ती फुकट, आवाज कुठे वापरणार, किती काळ वापरणार, आगाऊ किती. एका गावच्या दुकानासाठीचा आवाज आणि देशभर वर्षभर चालणाऱ्या जाहिरातीचा आवाज यांचा दर एक नसतो, कारण विकला जातो तो वापर. आजोबांना ही एक गोष्ट कुणी सांगायला हवी होती. अलीकडे करारात एक ओळ शिरू लागली आहे: सर्व माध्यमांत, सर्व काळासाठी, सर्व प्रकारे वापरण्याचा हक्क. त्या 'सर्व प्रकारे'मध्ये यंत्राला तुमचा आवाज शिकवणेही येऊ शकते. मग यंत्र तुमच्या घशाने हवे ते बोलेल आणि तुम्हाला बोलावण्याची गरज उरणार नाही. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची अशी नक्कल करण्याला मनाई केली. त्यांचे नाव मोठे होते, म्हणून नक्कल ओळखू आली. टेलिफोनवर 'दोन दाबा' म्हणणाऱ्या बाईच्या आवाजाची नक्कल झाली तर ती कुणाला ओळखू येणार? गिऱ्हाईक मिळावे म्हणून ती जे डेमो चव्हाट्यावर मांडते, तेच उचलून नेता येतात. म्हणून तिने ती ओळ खोडून करार परत पाठवावा, काम गेले तरी, असे माझे मत होते. तिने खोडली. त्यातले एक काम गेले, एक राहिले.

ओळखीच्या मजकुरावर आम्ही दोघे तीन वेळा बसलो. 'भाषा' या मथळ्याखाली तिने मराठी, हिंदी आणि थोडी इंग्रजी लिहिले होते. मी सुचवले की 'मराठी (प्रमाण)' आणि 'मराठी (सोलापुरी बोली)' अशा दोन वेगळ्या नोंदी कर. दोन्ही कौशल्ये आहेत आणि दोन्हींचा दर लाव. ती म्हणाली, "सर, तुमचं बरोबर आहे, पण पहिलं गिऱ्हाईक गेलं तर भाडं तुम्ही भरनार का?" तो 'न' तिने मुद्दाम म्हटला की सहज आला, मी ताडू शकलो नाही. तिने दोन्ही नोंदी केल्या आहेत. आडनाव अजून नाही.

गेल्या एप्रिलमध्ये आमच्या महाविद्यालयात जयंतीनिमित्त वतनाच्या प्रश्नावर एक छोटी ध्वनिचित्रफीत केली. निवेदन तिचे असावे असे मीच सुचवले, आणि सवयीने म्हणून गेलो की आपलाच कार्यक्रम आहे. ती हसली, काम वेळेत दिले, दोन्ही मराठींत दिले आणि सोबत बिल पाठवले: चार मिनिटे निवेदन, एक दुरुस्ती, वापर फक्त महाविद्यालयापुरता, एक वर्ष, २,५०० रुपये. समितीच्या बैठकीत बिलावर वीस मिनिटे चर्चा झाली. फ्लेक्सच्या बिलावर झाली नव्हती. शेवटी खजिनदार म्हणाले, देऊ या, पण खर्च कोणत्या सदरात दाखवायचा, मानधनात की भेटवस्तूत? मी तिला फोन करून विचारले. ती म्हणाली, "मजुरी लिहा सर." खजिनदारांच्या छापील वहीत असे सदर नव्हते. त्यांनी पेनने रेघ मारून नवे सदर आखले.